आंघोळीचं पाणी

"मुलीला आंघोळ तुम्हीच घातली?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"व्हय."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून."

"आणि अंगावरचे कपडे?"

"धुतले."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

कमलबाईने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. "कुनाच्या न्हाई. माझ्या मनानं धुतले."

वकिलांनी जजसाहेबांकडे पाहून हळूच मान डोलावली. टाइपरायटर खडखडला. कमलबाईला अजून बोलायचं होतं. कपडे काहून धुतले, ते सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं तसे वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा, बाई. आपले सरकारी वकील तरी उठून म्हणतील की सांगू द्या तिला, असं तिला वाटलं. पण ते पुढच्या खटल्याचे कागद चाळत होते. सकाळी कोर्टाच्या पायरीवर त्यांची तिची पहिली भेट झाली होती आणि त्यांनी कारकुनाला विचारलं होतं, "ती कपडे धुणारी हीच का?" एवढी वर्षं खटला चालला होता आणि सरकारच्या बाजूच्या माणसाला तिची ओळख होती ती एवढीच.

तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं ते असं.

कमलबाईचं गाव परभणीकडं, हट्ट्याजवळ, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. नवरा पुंजाजी कालव्याच्या दुरुस्तीवर मजुरी करायचा, ही लोकांच्या खुरपणीला जायची. कमलबाई सून होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. सरकारच्या दारी जायचं तर धुतलेलं घालून जायचं. निजामाच्या काळात हा म्हातारा, तेव्हा पोरगाच, बापाबरोबर कचेरीत गेला होता. अंगावर मळका पंचा बघून शिपायाने दोघांना काठीने लांब सारलं होतं. पुढे दीक्षा घेतली तेव्हा म्हाताऱ्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पांढरं धोतर आणि निळीची पुडी आणली. तेव्हापासून त्या घरातलं माणूस तलाठ्याकडे उताऱ्याला गेलं तरी न्हाऊन, डोक्याला तेल लावून, घडीचे कपडे घालून जायचं. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, पुंजाजीच्या घरचे रेशन आणायला निघाले तरी लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. हसू देत, म्हातारा म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पल्लवी दहावीला होती. शाळेचे जादा तास करून कालव्याच्या रस्त्याने घरी येत होती. उत्तमराव देशमुखांचा विश्वंभर इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून सुट्टीला आला होता. त्याने मोटारसायकल आडवी लावली. पुलाखाली जे झालं ते पल्लवीने पुढे जमादाराला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, आणखी एका साहेबाला सांगितलं आणि भर कोर्टात उभं राहून सांगितलं. इथे ते पुन्हा सांगायची गरज नाही. कुठे तरी त्या पोरीची तेवढी सुटका व्हावी.

ती घरी आली तेव्हा बोलत नव्हती. कमलबाईने बघितलं आणि समजायचं ते समजली. पुंजाजी म्हणाला, ठाण्यात जायचं, आत्ताच्या आत्ता. देशमुखाचं पोरगं असलं म्हणून काय झालं, कायदा आहे. कायद्यावर पुंजाजीचा विश्वास होता, कारण तो आपल्याच माणसाने लिहिला हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. सरकारच्या दारी जायचं ठरलं म्हटल्यावर कमलबाईने या घरात आजवर जे केलं तेच केलं. चूल पेटवून पोरीला आंघोळ घातली. केस विंचरून घट्ट वेणी घातली. पेटीतला धुवट ड्रेस काढून दिला. आणि अंगावरचे कपडे दगडावर घासून धुतले, थंड पाण्याने. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, हे कुठल्याच बाईला शिकवावं लागत नाही.

रात्री गाडी नव्हती, उजाडताच निघाले. ठाण्यातल्या जमादाराने विचारलं, तेव्हा अंगावर असलेले कपडे कुठायत? कमलबाईने पिशवीतून ते काढून टेबलावर ठेवले. रात्रभर दोरीवर वाळवून, नीट घडी घालून आणले होते. जमादार आधी कपड्यांकडे आणि मग तिच्याकडे बघतच राहिला. "वा वा," तो म्हणाला, "इस्त्री राहिली की." शेजारचा शिपाई हसला. ते का हसले हे कमलबाईला त्या दिवशी कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग ती रोज रात्री आपल्याच हातांकडे बघत बसायची.

विश्वंभरला अटक झाली आणि पंधरवड्याच्या आत सुटकाही झाली. जामीन देताना कोर्टाने म्हटलं की आरोपी विद्यार्थी आहे, चांगल्या घरातला आहे, आधीचा गुन्हा नाही, परीक्षा तोंडावर आहे, त्याच्या भवितव्याचा विचार केला पाहिजे. परीक्षा पल्लवीचीही तोंडावरच होती. बोर्डाची. तिच्या भवितव्याचा विचार करायला कुणाला सांगितलंच नव्हतं. पेपरच्या दिवशी ती दाराआड बसून राहिली. केंद्राच्या फाटकासमोर उत्तमरावांची जीप उभी असते, हे तिला मैत्रिणींनी सांगितलं होतं. विश्वंभर मात्र परीक्षेला बसला आणि पासही झाला. गावात पेढे वाटले. एक पुडा पुंजाजीच्या घरीही आला. पाठवणाऱ्याला काय म्हणावं? कमलबाईने तो पुडा तसाच उकिरड्यावर टाकला.

मग उकंडराव आले. उत्तमरावांचे चुलते, गावातले बुजुर्ग, भांडणं मिटवणारे. ओसरीच्या कडेला टेकून त्यांनी गोड गोड सुरुवात केली. झालं ते वाईट झालं. पण पोरगा अजून लहान आहे. या वयात पाय घसरतो. तुमच्या धम्मानंदचं बघू, आमच्या संस्थेच्या शाळेत शिपायाची जागा निघणार आहे. पुंजाजी खाली मान घालून बसला होता. धम्मानंद, पल्लवीचा थोरला भाऊ, बारावी होऊन घरी बसला होता.

"कमलबाई, जरा समजून घ्या," उकंडराव म्हणाले. "पोराच्या जिंदगीचा सवाल हाय."

"कोन्या पोराच्या?" कमलबाईने विचारलं.

 उकंडराव चहा न घेताच उठले. तसा त्यांनी त्या घरात कधीच चहा घेतलेला नव्हता. पुढच्या सुगीपासून कमलबाईला गावात कुणी खुरपणीला बोलावेना. ती कालव्यापलीकडच्या गावात जायला लागली. तिथे सखुबाई नावाच्या एका कुणब्याच्या बाईची थोडी जमीन होती. सखुबाई नवऱ्याबरोबर स्वतः राबायची आणि दोन-तीन बायका मजुरीने बोलवायची. ती काही विचारायची नाही. दुपारी ओसरीच्या खाली बसवून कमलबाईला भाकरीवर कोरड्यास वाढायची, पाणी वरून ओतायची. तेवढा माणुसकीचा भाग आणि तेवढी वरून ओतायची रीत, दोन्ही कमलबाईने घेतलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याच्या दारात जीप उभी असणार. कमलबाई एवढ्या वेळा ती पायरी चढली की फरशीवरचे तडे तिला ओळखीचे झाले. कधी आरोपीचे वकील आजारी. कधी जजसाहेबांची बदली. कधी डॉक्टर साक्षीला नाहीत, कारण त्यांचीही बदली. आणि दर सहामाहीला आरोपीची परीक्षा. तो परीक्षेला गेला की अर्ज यायचा आणि अर्ज आला की तारीख मिळायची. एकदा त्याच्या बहिणीच्या लग्नासाठीही तारीख पडली. मधल्या काळात परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, गावागावांत फटाके फुटले, नव्या पाट्या लागल्या. बसमध्ये पुंजाजी म्हणाला, जिल्ह्याचा निकाल लागला, आपला काही लागेना.

आणि प्रत्येक तारखेला हे तिघं धुतलेलं घालूनच जायचे. तेवढं सुटलं नाही. विश्वंभरही पांढरा शर्ट घालून यायचा. त्याच्या वकिलांनी एकदा म्हटलं, साहेब, या मुलाच्या चेहऱ्याकडे तरी बघा. जजसाहेबांनी बघितलंही असेल. पल्लवीच्या चेहऱ्याकडे बघा असं म्हणायला कोणी नव्हतं, आणि ती तोंडावर ओढणी घेऊन बसायची.

पल्लवीचं लग्न झालं. कमलबाईने मुलाकडच्यांना आधी सगळं सांगितलं. दोन स्थळं उठून गेली. तिसरा पूर्णेच्या बाजूचा गवंडी होता. तो म्हणाला, मला सांगितलंत हे बरं केलंत. त्यानंतर साक्ष लागली तेव्हा पल्लवी त्याच्याबरोबर पोट घेऊन आली. आरोपीच्या वकिलांनी आधी म्हटलं, विश्वंभर त्या दिवशी तिथे नव्हताच. मग म्हटलं, असला तरी मुलीची मर्जी होती. ओरडली का नाही? कुणाला चावली का नाही? पूर्वी ओळख होती का? एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी म्हणता येतात आणि त्याला वकिली म्हणतात. पल्लवीने खाली बघत उत्तरं दिली, पण दिली सगळी. कमलबाई बाहेरच्या बाकड्यावर होती. दार बंद होतं, तरी मोठा आवाज ऐकू येत होता. तो पल्लवीचा नव्हता.

त्याच दिवशी दुपारी कमलबाईची साक्ष झाली, ती सुरुवातीला सांगितलेली.

संध्याकाळी बसस्टँडवर दोघी मायलेकी रसवंतीच्या मांडवात टेकल्या होत्या. जावई आणि पुंजाजी बस बघायला गेले होते. पल्लवीने विचारलं, "तुला इच्यारलं का, आंघोळीचं?"

"इच्यारलं."

"काय सांगितलं?"

"माझ्या मनानं घातली म्हनलं."

पल्लवीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आई, मीच म्हनले होते न तुला."

ते खरं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर पोरीच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं, आई, पाणी तापव. सासऱ्याची रीत, पुंजाजीचा हट्ट, ते सगळं नंतरचं. पोरीने पाणी मागितलं आणि आईने तापवलं. दुनियेत कोणत्या आईने नाही म्हटलं असतं? पण हे कोर्टात सांगितलं असतं तर पुरावा पोरीनेच धुऊन काढला असं लिहिलं गेलं असतं. म्हणून कमलबाईने ते स्वतःवर घेतलं. शपथेवर खोटं बोलली, एवढं एकच.

"गप," ती म्हणाली. "माझ्यावरच राहू दे ते. तू घरला जा, पोटातल्या लेकराकडं बघ."

दोन हजार तीन साली निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन विश्वंभर सुटला. निकालात काय लिहिलं ते सरकारी वकिलांच्या कारकुनाने समजावून सांगितलं. महत्त्वाचा पुरावा फिर्यादी पक्षाने स्वतःच्या हाताने नष्ट केला. आणि एका होतकरू तरुणाचं उभं आयुष्य अशा डळमळीत पुराव्यावर पणाला लावता येणार नाही. कमलबाईने विचारलं, होतकरू म्हणजे? कारकून म्हणाला, ज्याचं पुढे काही तरी होणार आहे असा. पुंजाजी त्यानंतर कायद्याबद्दल फारसा बोलला नाही. सरकारने अपील करायचं होतं. ते झालंच नाही, आणि का झालं नाही हे विचारायला जायचं कुठे तेही कुणी सांगितलं नाही. विश्वंभर रस्त्यांची कंत्राटं घ्यायला लागला. वाढदिवसाला फाट्यावर त्याचा हात जोडलेला फोटो लागायचा.

कमलबाईचं नाव मात्र कोर्टवाली पडलं. बांधाचं भांडण असो की सुनेचं, लोक यायचे, विचारायचे, कोर्टवाली, या कामाला किती दिवस लागतील? तिला या नावाची आणि या लोकांची चीड यायची. मला काय येतं, ती करवादायची. मी हरलेली बाई. जिंकला त्याला जाऊन विचारा.

तीन वर्षांनी, ज्वारी काढणीला आली असताना, सकाळीच सखुबाई आली. अनवाणी. अंगणात उभी राहिली आणि कमलबाईने बस म्हटलं तरी बसेना. तिची मुलगी प्रतिक्षा अकरावीला होती. काल संध्याकाळी ट्यूशनहून येताना सोसायटीच्या चेअरमनच्या पुतण्याने तिला गाडीत घातलं. तो पुण्यात शिकतो. घरधनी म्हणतो गप राहा, पोरीचं लग्न व्हायचं आहे. प्रतिक्षा रात्रभर कोपऱ्यात बसून आहे, कुणाला जवळ येऊ देत नाही.

"मला ठान्यात जायचं हाय," सखुबाई म्हणाली. "मी घरधन्याचं ऐकनार न्हाई. चुलीवर पानी ठिवलं हाय. पोरीला न्हाऊ घालते, जरा बरं करते, मंग निघू. तुमी येता का संगं? मला तिथलं काई कळत न्हाई."

कमलबाई हातातलं सूप टाकून उठली. पेटीतली पांढरी साडी, निळ्या काठांची, पौर्णिमेला विहारात नेसायची, ती तिने पिशवीत घातली आणि चालायला लागली. सखुबाईला तिच्याबरोबर चालताना धाप लागली. कालव्याचा पूल आला तरी कमलबाईने मान वळवली नाही.

सखुबाईच्या घरी ती आजवर ओसरीच्या वर चढली नव्हती. आता ती सरळ आत गेली. चुलीवर हंड्यात पाणी सळसळत होतं. तिने वाकून जळती लाकडं ओढली आणि राखेत दाबून विझवली. घरात धूर झाला. कोपऱ्यातून प्रतिक्षाने वर बघितलं. शाळेचा ड्रेस खांद्यावर फाटलेला, केसांत काडीकचरा, चेहरा सुजलेला.

"आई, चूल काहून इझवली?" ती सखुबाईला म्हणाली. रात्रीपासूनचा तिचा हा पहिला शब्द होता.

कमलबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. जे सांगायचं होतं ते सांगायला जीभ वळेना. चिखल लागलेलं लेकरू न्हायला मागतं आणि त्याला नाही म्हणायचं. ही कसली रीत आणि हा कसला कायदा, ज्याच्यापुढे पोरीला आपली घाण अंगावर घेऊन उभं राहावं लागतं? तिला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला.

"बाई, ठान्यात असंच यायचं," ती म्हणाली. "केसाला हात लावू नको. तोंड धुवू नको. मला ठावं हाय तुला काय वाटून राहिलं. माझ्या पल्लवीलाबी वाटलं व्हतं. मी तिला पानी दिलं, अन् मग त्यायनं त्या पान्यावर बोट ठेवलं. तुला मी आंघोळ घालीन. दवाखान्यातून आलं की मी सोता घालीन. पर आता न्हाई."

 प्रतिक्षा भिंतीला धरून उठली.

ठाण्यात जमादार नवा होता. प्रतिक्षाला बघून त्याने नाक मुरडलं. "असं आणतात का पोरीला?" तो सखुबाईला म्हणाला. "साहेबांपुढं उभं करायचं आहे. जरा तोंडबिंड धुवून, बरे कपडे घालून आणायचं. आई आहेस ना तू?"

सखुबाईने भांबावून कमलबाईकडे बघितलं. कमलबाईच्या डोक्यात सणक गेली. धुतलं तरी हसतात, नाही धुतलं तरी नाक मुरडतात. म्हणजे पोरीने यावं तरी कसं? ती टेबलाजवळ गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सरकारच्या टेबलासमोर घरातल्या लुगड्यावर, धुराने काळ्या झालेल्या हातांनी उभी होती.

"साहेब, कपडे अंगावर हायत," ती म्हणाली. "लिवून घ्या. धुतलेले न्हाईत असं लिवा. आधी ते लिवा."

जमादाराने तिच्याकडे बघितलं. काय वाटलं त्याला, त्याने पेन उघडलं.

दवाखान्यात बाई डॉक्टर यायला दुपार झाली. आरोपी घरी नव्हता. तो सकाळच्या गाडीने पुण्याला गेला होता, परीक्षेला. हे ऐकून कमलबाई हसली, आणि तिचं हसणं सखुबाईला मुळीच कळलं नाही. प्रतिक्षाचे कपडे काढून पाकिटात घालून लाखेने बंद केले. परत येताना तिच्या अंगावर कमलबाईची पांढरी साडी होती. ती तिला लांब होत होती, म्हणून कमलबाई चालताना मागून काठ उचलून धरत होती.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. सखुबाईचा नवरा ओसरीवर बसला होता. तो बाजूला सरकला. सखुबाईने चूल पेटवली. पाणी तापलं तशी तिने हंडा उचलून न्हाणीत नेला आणि तांब्या कमलबाईच्या हातात दिला. मग ती स्वतः दाराशी, पाठ करून उभी राहिली.

प्रतिक्षा दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कमलबाईने तांब्यात थंड पाणी मिसळलं, कोपर बुडवून बघितलं.

"डोक्यावरून घालू?" तिने विचारलं.

प्रतिक्षाने मान हलवली. कमलबाईने पहिला तांब्या हळूहळू तिच्या डोक्यावरून ओतला.